लाल त्रिकोण आणि चहाचा कप

नाशिकला दिंडोरी रोडवरच्या एका शेतीऔषधांच्या दुकानात बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणासाठी मोरचूद आणायला गेलो. सहज विचारलं, "यातलं जहाल कोणतं?" पोराने डबा फिरवून त्रिकोण दाखवला. निम्मे उंदीर दगावतील ती मात्रा किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५,००० पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. म्हणजे आकडा लहान तितकं विष मोठं! वीस वर्षं फवारतोय, आज कळलं. वर म्हणतो, "काका, बोटुलिनम हे जिवाणूंचं विष तर नॅनोग्रॅममध्ये मोजतात." पोरगा हुशार. पण गल्ल्यावर चहाचा कप अन् त्याला खेटून लाल त्रिकोणाचा गळका डबा? हातमोजेही शिल्लक नव्हते. पक्कं बिल दोनदा मागितल्यावर मिळालं. तीन स्टार, तेही पोरासाठी.