स्टेशन इन, नॅशव्हिल: गाणं तर ऐकाच, पण बँजोवाल्याची टर चुकवू नका

अमेरिकेतल्या नॅशव्हिलला कुणी निघालं की सगळे त्याला ब्रॉडवे या बारच्या रस्त्यावर पिटाळतात, जा बाबांनो, निऑनच्या बोर्डाखाली फोटो काढा, पण ब्लूग्रास, म्हणजे बँजो-फिडलवर, विजेच्या वाद्यांशिवाय वाजणारं तिकडचं गावरान संगीत, ऐकायचं असेल तर मात्र गल्च भागातल्या स्टेशन इन या छोट्या क्लबलाच जा. बुटकी एकमजली इमारत आहे, आजूबाजूला काचेचे टॉवर उभे राहिलेत आणि ही मधे तशीच ढिम्म बसलीये. १९७४ ला काही वादकांनीच मिळून जागा सुरू केली, १९७८ पासून ती इथे आहे, तेव्हा या भागात रूळ आणि गोदामं सोडून काही नव्हतं. १९८१ ला जे. टी. ग्रे नावाच्या गृहस्थांनी ती विकत घेतली आणि २०२१ ला वारले तोपर्यंत चालवली. आत साध्या खुर्च्या, भिंतीवर जुनी पोस्टरं, खायला पॉपकॉर्न, पिझ्झा वगैरे, प्यायला बिअर. जेवणासाठी म्हणून जायची जागा नाहीये ही, मेनूबद्दल एवढंच.

इथलं खरं आकर्षण माझ्या मते रविवार रात्रीचा जॅम, तोही फुकट. स्टेजबिज काही नाही, लोक आपापली वाद्यं घेऊन येतात आणि गोल करून बसतात, बँजो, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), मॅन्डोलिन, गिटार, मधे कुठेतरी उभा बेस, ड्रम अजिबात नाही कारण ठेका मॅन्डोलिनची चॉप (तारा दाबून मारलेला तुटक फटका) आणि बेसच सांभाळतात. बिल मन्रो, ज्यांना या संगीताचा जनक मानतात, तेसुद्धा हयात असताना इथे येऊन वाजवून जायचे. आता बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काय मोकळंढाकळं चाललंय, पण नीट बघा, शिस्त भजनी मंडळापेक्षा कडक आहे. जो गाणं सुरू करतो तो स्केल सांगतो, मग कडव्यांच्या मधे एकेकाला सोलोची पाळी, ती नजरेने नाहीतर मान हलवून द्यायची, ज्याला जमणार नसेल त्याने नकाराची मान हलवून पुढच्याकडे पास करायचं, त्यात कमीपणा काही नाही. दुसऱ्याचा सोलो चालू असताना आपण हळू वाजवायचं. आणि गाणं संपवायचं असलं की गाणाऱ्याने एक पाय वर उचलायचा, की सगळे बरोब्बर एकत्र थांबतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं काकांच्या पायात गोळा आला.

आणि दोन गाण्यांच्या मधे ट्यूनिंग चालू झालं की सुरू होते टर. टार्गेट ठरलेलं, बँजोवाला. बँजो आणि कांद्यात फरक काय, तर बँजो कापताना कुणी रडत नाही. बँजोवाला अर्धं आयुष्य ट्यून करण्यात घालवतो आणि उरलेलं बेसूर वाजवण्यात. हे जोक नवीन नाहीत, खोलीतल्या प्रत्येकाला पाठ आहेत, अर्धा जोक सांगून झाला की उरलेला शेजारच्या टेबलावरचे आजोबा पूर्ण करतात, आणि सगळ्यात मोठ्याने हसतो तो बँजोवालाच, किंबहुना बरेचसे जोक तोच सांगतो. गंमत बघा, टर उडवतात त्याची, पण तो नसेल तर अडतं सगळ्यांचंच. १९४५ च्या डिसेंबरमध्ये अर्ल स्क्रग्ज मन्रोंच्या बँडमध्ये आला, तीन बोटांनी तो धबधबा वाजवायला लागला, आणि आज ज्याला आपण ब्लूग्रास म्हणतो तो आवाज तिथे पक्का झाला. त्यामुळे हे जोक म्हणजे घरातल्या कमावत्या मुलाला चिडवणं आहे असं मी समजतो.

स्वतःच्या कट्टरपणावरही हसतात हे लोक. बल्ब बदलायला किती ब्लूग्रासवाले लागतात, तर एक बल्ब बदलायला आणि बाकीचे तो इलेक्ट्रिक आहे म्हणून कुरकुर करायला. आणि ही कुरकुर खरीच असते बरं का, कुठला बँड अस्सल आणि कुठला भेसळ यावर एक बिअर संपेपर्यंत वाद चालतो, दुसरी संपेपर्यंत दोघं एकाच गाण्याची हार्मनी गात असतात. गाण्यांचे विषय ऐकाल तर आई गेली, प्रेयसीचा खून केला, ट्रेन निघून गेली, जुनं घर ओसाड पडलं, आणि चाल मात्र अशी सुसाट की पब्लिक हसत हसत पाय आपटतंय. मला वाटतं विनोद इथे कामाला येतो, एवढी मढी एका रात्रीत पचवायची तर मधे कांद्याचा जोक हवाच.

एक मात्र सांभाळा. बँजोवर बिनधास्त हसा, पण डोंगराळ भागातले लोक अडाणी, गावंढळ असले जोक आपण बाहेरच्यांनी मारायचे नाहीत. अपॅलेशियाच्या, म्हणजे अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगररांगांतल्या, लोकांची अशी टिंगल खूप वर्षं झालीये, टीव्हीवरसुद्धा, आणि तो विषय ते आपापसात कसाही बोलोत, आपल्या तोंडून ऐकताना खोली गार पडते. वाद्याची टर आणि माणसाची टर यातला फरक इथे पोरासोरांनाही कळतो.

बाकी नवीन माणसाला सामावून घेण्यात हात आखडता नाही. तीन कॉर्ड येत असतील तर बाहेरच्या गोलात बसून हळू वाजवा, बहुतेक गाणी तेवढ्यातच निघतात, गिटारवाल्याच्या डाव्या हाताकडे बघत राहा. काहीच येत नसेल तर नुसते ऐका, पण सोलो चालू असताना गप्पा नकोत. इतर दिवशी नावाजलेले बँड असतात, त्याला तिकीट लागतं आणि जागा जो आधी येईल त्याची, म्हणून लवकर पोचा. रविवारी वाद्य असेल तर नक्की न्या. फक्त बँजो असेल तर गाडीत ठेवताना काचा नीट बंद करा, उघड्या राहिल्या तर परत येईपर्यंत मागच्या सीटवर दोन झालेले असतात.