सायलेंट हिल २ : मूळ डिस्कवर पुन्हा एकदा

तीन वर्षांपूर्वी आजाराने गेलेल्या मेरी या पत्नीचे पत्र येते, आणि ‘आपल्या त्या खास जागी’ मी तुझी वाट पाहत आहे, असे तिने त्यात लिहिलेले असते. या एवढ्याशा आधारावर जेम्स संडरलँड सायलेंट हिल या तळ्याकाठच्या अमेरिकी गावी येतो. या व्हिडिओ गेमची सुरुवात होते तीही एका कळकट सार्वजनिक स्वच्छतागृहात, आरशात स्वतःचा चेहरा न्याहाळणाऱ्या जेम्सपासून. कोनामी कंपनीच्या ‘टीम सायलेंट’ या जपानी चमूने २००१ साली प्लेस्टेशन २ या गेम कन्सोलसाठी केलेला हा खेळ मी नुकताच त्याच कन्सोलवर, पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला जोडून पुन्हा पूर्ण केला. ब्लूबर टीम या कंपनीची २०२४ सालची देखणी नवी आवृत्ती सहज मिळत असताना जुनी डिस्क शोधण्याचा खटाटोप करावा का, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर निःसंशय ‘करावा’ असेच आहे.

१९९९ सालच्या पहिल्या भागात हरवलेल्या मुलीचा शोध घेणारा बाप आणि एका गूढ पंथाचे कारस्थान होते. या दुसऱ्या भागाने त्यातले गाव तेवढे ठेवले आणि कथा पूर्णपणे नवी रचली, त्यामुळे पहिला भाग न खेळताही हा खेळ नीट समजतो. येथे संकट बाहेरून येत नाही. जेम्सला जे दिसते ते त्याच्याच मनातून उतरलेले असते, आणि अँजेला व एडी या त्याला भेटणाऱ्या माणसांना तेच गाव बहुधा निराळे दिसत असावे, ही शंका हळूहळू बळावत जाते. मासाहिरो इतो यांनी घडवलेली राक्षसी रूपे, विशेषतः डोक्यावर लोखंडी त्रिकोण वाहणारा तो प्रचंड सुरा ओढणारा आकार, म्हणूनच केवळ दचकवण्यासाठी आणलेली वाटत नाहीत.

भीती निर्माण करण्याची साधने मात्र अगदी मोजकी आहेत. धुक्यामुळे चार पावलांपलीकडचे दिसत नाही, चित्रावर सतत जुन्या फिल्मसारखे कण थरथरत असतात, आणि खिशातला रेडिओ खरखरू लागला की काहीतरी जवळ आले आहे एवढेच कळते, कोठून ते कळत नाही. वुडसाइड अपार्टमेंट्समध्ये बॅटरी सापडते ती शिंप्याकडे असतो तशा एका पुतळ्यावर, आणि त्या पुतळ्याच्या अंगावर मेरीचा पोशाख असतो; उजेड मिळाल्याचा दिलासा त्या एका दृश्याने तेथेच हिरावून घेतला जातो. बॅटरी बंद ठेवली तर राक्षसांना चुकवून जाणे सोपे होते, पण मग अंधारात जेम्सला नकाशा वाचता येत नाही. अकिरा यामाओका यांचे संगीत आणि यंत्रांची घरघर यांत सीमारेषा उरत नाही, त्यामुळे शक्य असल्यास हेडफोन लावूनच खेळावे.

ज्यांना काहीच आधी कळायला नको असेल त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. पहिल्या फेरीत तीन शेवट संभवतात, आणि त्यांतला कोणता मिळेल हे खेळ कधीच उघडपणे विचारत नाही; तो फक्त तुमच्याकडे पाहत राहतो. जखमी जेम्सवर तुम्ही वेळेवर उपचार करता की त्याला तसाच फरफटत नेता, मेरीचा फोटो काढून पाहता की अँजेलाचा चाकू न्याहाळता, दवाखान्यात विश्रांतीसाठी थांबलेल्या, मेरीसारख्याच दिसणाऱ्या मारियाची पुन्हा जाऊन चौकशी करता की नाही, या सगळ्याची नोंद होत असते. मी पहिल्यांदा औषधे कंजूषपणे जपून ठेवली होती, आणि त्या सवयीचा अर्थ खेळाने जो लावला तो पाहून मी कितीतरी वेळ कंट्रोलर हातात धरून नुसता बसून होतो.

उणिवा आहेत. कॅमेरा वारंवार समोरचा राक्षस दाखवण्याऐवजी जेम्सचा चेहरा दाखवतो, आणि इमारतींतली बंद दारे ढकलून पाहण्यात बराच वेळ जातो. मारामारी बोजड आहे. परंतु खिळा असलेली फळी घेऊन वेडावाकडा वार करणारा हा साधा माणूस सराईत लढवय्यासारखा वागला असता तर कथाच खोटी पडली असती, म्हणून हा दोष मी दोष मानत नाही. नव्या आवृत्तीत कॅमेरा खांद्यामागे आला आणि मारामारी सुधारली, तेव्हा खेळणे सुखाचे झाले खरे, पण कोपऱ्यापलीकडे काय आहे हे न दिसण्याची ती असहायता कमी झाली. मारामारी आणि कोडी यांची काठिण्यपातळी वेगवेगळी निवडता येते; नवख्यांनी मारामारी सोपी ठेवावी आणि कोडी मात्र मध्यम घ्यावीत.

आणखी एक करावे. मेरीचे पत्र सामानाच्या यादीत शेवटपर्यंत असेल असे गृहीत धरू नये, ते अधूनमधून उघडून वाचत राहावे. खेळ पुढे सरकतो तशी त्यावरची अक्षरे पुसट होत जातात, पुढे कोरा कागद उरतो, आणि मग तोही नाहीसा होतो.