.375 मॅग्नमची स्वस्त काडतुसं: माझे 43,000 रुपये गेले, तुमचे वाचवा

आधी 15,600, मग पुन्हा 15,600, शेवटी 11,800. एकूण 43,000 रुपये. घरात अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. पण मला फसवणारा माणूस पुण्यातल्या इतर शस्त्र परवानाधारकांनाही गाठतोय, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

ज्यांच्याकडे मोठ्या बोअरची जुनी रायफल वारशाने आली आहे, त्यांना माझी अडचण समजावून सांगायला नको. आजोबांची .375 हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम रीतसर माझ्या परवान्यावर चढली. शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्याने संपली आणि ती संपली हे चांगलंच झालं. पण रायफल चालती ठेवायची तर अधूनमधून रेंजवर झाडावी लागते. आजोबांच्या खोक्यांतली कायनॉक या ब्रिटिश कंपनीची जुनी काडतुसं आता भरवशाची राहिलेली नाहीत. घोडा दाबला तरी आवाज होत नाही, मग नळी निशाण्याकडेच धरून, बोल्ट (रायफलची मागची कडी) न उघडता जीव मुठीत धरून थांबायचं. खडकीच्या कारखान्याची 12 बोअरची ‘शक्तिमान’ दुकानात मिळून जातात. .375 चा माल बाहेरचा, आला तर आला. कॅम्पातल्या ओळखीच्या दुकानदाराने नगाला 1,400 सांगितले. 40 घ्यायची तर 56,000. पेन्शनवर जगणाऱ्याने एवढे कुठून आणायचे?

अशात परवानाधारकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला. चेक प्रजासत्ताकात बनलेला लॉट, गोळीचं वजन 300 ग्रेन, नग 780. पाठवणारा स्वतःला परराज्यातल्या एका दुकानाचा मॅनेजर म्हणवत होता. मराठी साताऱ्याकडचं, बोलणं आदबीचं, वाक्यागणिक ‘काका’. सगळ्यांची मागणी एकत्र करायची, माल पुण्यातल्या दुकानात उतरवायचा, आपण परवाना घेऊन तिथे जायचं आणि नोंद करून काडतुसं घ्यायची. यात बेकायदा काय आहे, सांगा. हे मुद्दाम ठासून लिहितोय, कारण पुढे मलाच आरोपी ठरवायचा प्रयत्न झाला.

आता तो फोटो. ज्यांनी .375 हाताळलंय त्यांना माहीत आहे की बुडाशी, खाचेच्या लगेच वर, पितळेचा जाड पट्टा असतो. 1912 साली हे काडतूस निघालं तेव्हापासून आहे. कवचाचा खांदा इतका उतरता, की चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, काडतूस नेमकं कुठे थांबायचं ते त्या पट्ट्यावर ठरतं. त्याने पाठवलेल्या फोटोतल्या काडतुसांना पट्टा नव्हता. बूड सरळ, .30-06 या साध्या रायफलच्या काडतुसासारखं. मी फोटो मोठा करून पाहिला. आजोबांचं एक काडतूस टेबलावर शेजारी ठेवून पाहिला. त्याला विचारलंसुद्धा! म्हणाला, ‘काका, दुकानातल्या पोराने भलताच फोटो टाकला.’ आणि लगेच दुसरा आला, पट्ट्याचा, बुडावरच्या छापासकट. तो कुठून तरी उचललेला होता हे आज कळतंय. मॅग्नमची काडतुसं विकणाऱ्याच्या दुकानात असा घोटाळा होईलच कसा? हा प्रश्न त्या रात्री मला पडायला हवा होता. तेव्हा डोक्यात 24,800 रुपये वाचतायत एवढंच होतं.

कोणी म्हणेल, एवढं दिसत होतं तर पैसे का पाठवले? कारण त्या माणसाला विषय येत होता. 270 आणि 300 ग्रेनमधला फरक, जुन्या प्रायमरमुळे (बुडाच्या ठिणगी देणाऱ्या टोपीमुळे) नळी आतून कशी गंजते, हे त्याने न विचारता सांगितलं. दुकानाच्या परवान्याची प्रत पाठवली. जीएसटी क्रमांक मी पोर्टलवर तपासला, तो खरा निघाला. क्रमांक खरा, दुकान खरं, फक्त हा माणूस तिथला नव्हता. दुकानाशी बोलायचं तर नंबर स्वतः शोधा, समोरच्याने दिलेला वापरू नका. यूपीआयवर पैसे जाण्याआधी नाव दिसतं, ते दुकानाचं नसेल तर तिथेच थांबा. मला दिसलं होतं. ‘मालकाच्या पुतण्याचं खातं आहे’ म्हणाला.

11,800 त्याने ‘वाहतूक परवान्याची अनामत’ म्हणून घेतले, परत मिळणार होते. ते गेल्यावर सूर बदलला. पुण्यातला दुकानदार नको म्हणतोय, कुरिअरने घरी पाठवतो. मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. काडतूस कुरिअरने येत नसतं, पोस्टानेही नाही. दुकानाच्या रजिस्टरमध्ये आणि आपल्या परवान्यावर नोंद झाल्याशिवाय एकही घेऊ नका, कुणी फुकट दिलं तरी. मी नाही म्हटल्यावर धमकी आली: ‘बेकायदा दारूगोळा मागवल्याचं चॅट पोलिसांना देतो, नाहीतर 25,000 टाका.’ माझ्या परवान्याची आणि आधारची प्रत त्याच्याकडे. टाकले नाहीत.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर भरली. पैसे तोवर पुढच्या खात्यांत गेले होते. मग पोलीस ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न, ‘काडतुसं ऑनलाइन मागवता? तुमच्यावरच गुन्हा दाखल होईल.’ वीस-पंचविशीतला पोरगा माझ्याशी अरेतुरेवर आला. कॅम्पातल्या दुकानाच्या जुन्या नोंदी दाखवल्या, माझ्या परवान्यावर अजून किती काडतुसं घेता येत होती ते दाखवलं, कुणी पाहिलं नाही. अर्ज ठेवा म्हणाले. आरोपी परराज्यातला, आमची हद्द नाही म्हणाले. अहो, 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रियेची नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, नोंदवून घ्यायचा आहे! फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) मध्ये दखलपात्र आहे. हे मी सांगितलं तर ‘तुम्ही वकील का?’ तक्रारदाराने कायदा वाचला तर तो उद्धट, नाही वाचला तर अडाणी. आणि धमकीचे मेसेज डोळ्यांसमोर धरले तरी ‘नंबर ब्लॉक करा’ एवढाच सल्ला.

बँकेची तऱ्हा आणखी वेगळी. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भुर्दंड नाही, हा रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम दाखवला. उत्तर आलं, तो संमतीशिवाय गेलेल्या पैशांसाठी, पिन तुम्ही टाकलात. ठीक, पिन माझा. पण पैसे ज्या खात्यात गेले ते कुणी उघडलं, त्याचं केवायसी कुणी केलं? मला साधं वीजबिलावरचं नाव जुळत नाही म्हणून परत पाठवणारे हे लोक, चोराला खातं देताना काय पाहतात? उत्तर नाही. आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार केली आहे.

परवान्याची प्रत कुणालाही देताना तिच्यावर आडवं, कशासाठी दिली ते तारखेसह लिहा. माझ्या प्रतीचा गैरवापर होऊ शकतो हे परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवून पोच घेतली आहे, तुम्हीही घ्या. धमकी आली तर चॅट पुसू नका.

तो बिनपट्ट्याचा फोटो आता दुसऱ्या नंबरवरून फिरतोय. या वेळी .300 विन्चेस्टर मॅग्नम म्हणून, नग 690. त्या काडतुसालाही पट्टा असतो.