चितार आळीतील लाकडी सन्मानचिन्हे: आमचा अनुभव

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, तेव्हा स्वतःच्या घरात पाणी शिरलेले असतानाही शेजाऱ्यांना होडीतून बाहेर काढणाऱ्या आमच्या भागातील सात जणांचा सत्कार करण्याचे यंदा आम्ही ठरवले, आणि शाल-श्रीफळाबरोबर द्यायची सन्मानचिन्हे सावंतवाडीच्या चितार आळीतील एका कारागिराकडून करून घेतली. बाजारातील प्लास्टिकची सोनेरी ढाल लवकरच काळवंडते. इथे मात्र लाकडी पाटीवर हाताने रंगवलेली होडी होती, आणि वल्हे धरलेल्या बोटांची पेरेसुद्धा स्पष्ट दिसत होती. कडेची गंजिफाच्या (हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांच्या) धाटणीची वेलबुट्टी तर पाहतच राहावी अशी.

एका पाटीवर आडनावातील वेलांटी चुकली होती. ती दाखवताच कारागिराने सगळी अक्षरे खरवडून, जादा पैसे न घेता, दुसऱ्या दिवशी नव्याने लिहून दिली. ज्याचा सन्मान करायचा त्याचेच नाव चुकणे फार लागते, म्हणून मजकूर स्वच्छ अक्षरांत लिहूनच द्यावा. पावसाळ्यात रंग वाळायला वेळ लागतो. त्यामुळे मागणी किमान तीन आठवडे आधी नोंदवावी.

सत्कारमूर्तींपैकी सत्तरीच्या एका तांडेलांनी (होडीवरच्या प्रमुख नाविकांनी) ती पाटी देवघराशेजारी लावली आहे.