काम मागे ढकलायचं तर कुठे: सेटटाइमआउट की रिक्वेस्टआयडलकॉलबॅक?

यवतमाळ-वर्ध्याकडे कापसाच्या हंगामात जिनिंगच्या काट्यापुढे ट्रॅक्टरची रांग लागते. नोंदीचं वेब ॲप चालतं ते स्वस्तातल्या अँड्रॉइडवर. काटेवाला वजन टाइप करतो आणि आकडे अडखळत उमटतात, कारण त्याच क्षणी ॲप दिवसभराची बेरीज आणि नावांची शोधयादी करत बसलेलं असतं. मेन थ्रेड, म्हणजे टायपिंग, स्क्रीन आणि हिशेब सांभाळणारी कामाची रांग, एकच. ‘भाऊ, पावती देता का?’ म्हणत ताटकळणाऱ्या शेतकऱ्याला बेरजेशी काय घेणं? म्हणून ते काम मागे सारायचं. त्याचे जावास्क्रिप्टमध्ये दोन रस्ते आहेत.

सेटटाइमआउट म्हणजे ठरावीक मिलिसेकंदांनंतर काम सुरू करणारा टाइमर. त्याला शून्य दिलं तरी काम लगेच होत नाही, रांगेत लागतं. पाळी आली की मात्र ते सुरू होतं, काटेवाला टाइप करत असला तरी. एकातून एक टाइमर लावत गेलात, तर पाच पायऱ्यांपुढे ब्राउझर प्रत्येक वेळी किमान 4 मिलिसेकंद थांबवतो. जमेची बाजू एकच: तो सगळीकडे चालतो.

रिक्वेस्टआयडलकॉलबॅक ब्राउझरलाच विचारतो, सवड आहे का. 60 हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला, म्हणजे स्क्रीन एकदा नव्यानं रंगवायला, साधारण 16.7 मिलिसेकंद मिळतात. त्यातून उरेल तेवढा वेळ तुमचा. स्क्रीन शांत असेल तर एका वेळी जास्तीत जास्त 50 मिलिसेकंद. ही मर्यादा मुद्दाम आहे: 100 मिलिसेकंदांच्या आत उत्तर आलं तर माणसाला ते तत्काळ वाटतं, त्यामुळे मध्येच बोट पडलं तरी निभावतं. टाइमरिमेनिंगला किती वेळ उरला ते विचारत शंभर-पन्नास नोंदी उरकायच्या आणि उरलेल्या पुढच्या सवडीला ठेवायच्या. शोधयादीसाठी मी डोळे झाकून हाच निवडेन. तो क्रोममध्ये 2015 पासून आणि फायरफॉक्समध्ये 2017 पासून आहे. सफारीनं मात्र बरीच वर्षं तो आपणहून चालू ठेवला नाही, म्हणून आधी तपासा. नसेल तिथे सेटटाइमआउट वापरा.

सवड कधी मिळेल याची हमी नसते. त्यासाठी रिक्वेस्टआयडलकॉलबॅकला टाइमआउट, म्हणजे थांबण्याची कमाल मुदत, देता येतो, पण मुदत संपली की फोन कामात असला तरी तुमचं काम घुसतं. 100 मिलिसेकंदांची मुदत देणं म्हणजे पुन्हा सेटटाइमआउटच. बेरजेला दोन-तीन सेकंद द्या. स्क्रीनवरचा बदलही इथे करू नका. हिशेब इथे करून तो दाखवायला रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेम वापरा, तो पुढची फ्रेम रंगवण्याच्या आधी काम चालवतो.

पावती जतन करणं मात्र कधीही, कुठल्याही कारणानं सवडीवर सोडू नका. मध्येच कॉल येतो, ब्राउझर मागे जातो, मेमरी कमी पडली की अँड्रॉइड तो बंद करतो, आणि एखाद्याच्या ट्रॉलीची नोंद कायमची जाते. बटण दाबताच ती इंडेक्स्डडीबीत, म्हणजे ब्राउझरमधल्या डेटाबेसमध्ये, लिहायला टाका. ते लिहिणं असिंक्रोनस, म्हणजे मागच्या मागे होणारं, असल्यानं स्क्रीन अडत नाही; लोकलस्टोरेज या ब्राउझरच्या दुसऱ्या साध्या साठ्यात लिहिताना अडते.

काट्याजवळच्या कॉम्प्युटरवर पायथनचं टिकिंटर (खिडक्या-बटणांचे प्रोग्राम बनवायची लायब्ररी) असेल, तर त्यातलं आफ्टर आयडल घटनांची रांग रिकामी होईपर्यंत थांबतं, पण किती वेळ उरला ते सांगत नाही. तिथे तुकडे अंदाजानंच पाडावे लागतात. तुकडेच पडत नाहीत अशा कामाला, जसं हंगामाची पूर्ण पीडीएफ, यातलं काहीच नको. ब्राउझरमध्ये ते वेब वर्करकडे, म्हणजे मेन थ्रेडबाहेर वेगळ्या थ्रेडवर चालणाऱ्या कोडकडे, द्या.

निवड पक्की करण्याआधी क्रोमच्या परफॉर्मन्स पॅनेलमध्ये सीपीयू चारपट मंद करा आणि भराभर वजनं टाइप करा. 50 मिलिसेकंदांवर गेलेलं प्रत्येक काम तिथे लाल खुणेनं दिसतं.