दहावीला 52 टक्के: पुढे नोकरी की पीएचडी?

लातूर-नांदेडकडे दहावीच्या टक्क्यांवरून पोराचं अख्खं भविष्य ठरवून टाकतात. म्हणून हा हिशोब नीट मांडायलाच हवा.

खासगी नोकरीत, विशेषतः आयटीच्या कॅम्पस भरतीत, जुने टक्के खरंच आडवे येतात. बऱ्याच कंपन्या दहावी, बारावी, पदवी अशा तिन्हीकडे 60 मागतात. ऑनलाइन अर्जात 52 टाकले की मुलाखतीआधीच पत्ता कट. पोरगं आज काय करू शकतं हे कुणी बघतच नाही, आणि हा मला सरळसरळ अन्याय वाटतो. अनुभव गाठीशी आला की अडसर बराच सैल होतो. एमपीएससीच्या राज्यसेवेत बहुतेक पदांना तर नुसती पदवी पुरते.

पीएचडीसाठी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांत शाळेच्या टक्क्यांची अटच नाही. पदव्युत्तरला 55 टक्के हवेत. राखीव प्रवर्गांना 5 टक्के सूट. मग नेट ही देशपातळीवरची परीक्षा किंवा विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा (पेट), आणि मुलाखत. दहावीचा मेमो (गुणपत्रक) मागितला तरी त्यावरचे टक्के प्रवेश ठरवत नाहीत.

एमएस्सी चांगली झाली असेल तर मी पीएचडीच सुचवेन, पण जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, काढूनच. 2023 पासून सुरुवातीला महिना 37,000 मिळतात. त्याशिवाय घरून पैसे मागत संशोधन करणं शेतकऱ्याच्या पोराला फार जड जातं.