टाहोच्या वाटेवर टायर-चेन: कोणती घ्यावी, कोणती दुकानातच राहू द्यावी

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन टाहो तलावाकडच्या डोंगरात स्कीइंगला जायचं ठरलं की रिसॉर्ट कोणतं, मुक्काम कुठे, मुलांचे क्लास किती दिवस, यावर महिनाभर चर्चा होते. चेन, म्हणजे बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर चढवायची साखळी किंवा केबल, आठवते ती निघायच्या आदल्या रात्री, आणि तेव्हा दुकानात नेमकं आपल्या मापाचं पाकीट संपलेलं असतं. टाहोला जाणाऱ्या आय-८० वर किंवा हायवे ५० वर वादळ आलं की सहल पुढे सरकणार की नाही, हे डिकीतली ती पिशवी ठरवते. म्हणून हा आढावा रिसॉर्टचा नाही, चेनचा आहे.

निकाल आधीच सांगतो. ओडिसी, सिएना, कॅमरी अशा घरगुती गाडीसाठी तिरक्या विणीची झेड-केबल घ्यावी. सिक्युरिटी चेन कंपनीची ‘सुपर झेड६’ हा तिचा सर्वांत सहज मिळणारा नमुना. ज्यांना बर्फात गुडघे टेकून ताण देत बसणं जमणार नाही, त्यांनी पीअरलेसची स्वतः घट्ट होणारी ‘ऑटो-ट्रॅक’ घ्यावी, पण गाडीच्या मॅन्युअलची परवानगी बघूनच. सर्वांत स्वस्त, शिडीसारख्या आडव्या दोऱ्यांची केबल कुटुंबाच्या गाडीसाठी घेऊ नये.

कॅलट्रान्सचे, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या रस्ते खात्याचे, नियम तीन पायऱ्यांचे आहेत. आर-१ मध्ये ओढीच्या चाकांना (इंजिन ज्यांना फिरवतं त्या) चेन किंवा स्नो टायर लागतात. आर-२ मध्ये सर्व गाड्यांना चेन लागते. सूट फक्त चारही चाकं ओढणाऱ्या आणि चारही स्नो-ट्रेड टायर असलेल्या गाड्यांना, आणि त्यांनीही चेन सोबत बाळगायचीच. आर-३ मध्ये कुणालाच सूट नाही, पण ती पाळी येण्याआधी बहुतेक वेळा रस्ताच बंद करतात. कॅलिफोर्नियात टायरच्या कडेला एम+एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असलं की तो स्नो टायरमध्ये मोजतात, त्यामुळे आपले रोजचे ऑल-सीझन टायर बहुधा चालतात. मात्र खाचा झिजून एक इंचाच्या ६/३२ भागापेक्षा उथळ झाल्या असतील, तर कडेच्या त्या अक्षरांवर विसंबू नका. ‘आमची गाडी एडब्ल्यूडी (चारही चाकं ओढणारी) आहे, आम्हाला चेन कशाला’ हे वाक्य बे एरियात फार ऐकू येतं. एडब्ल्यूडी गाडी चढावर सुटायला मदत करते, उतारावर थांबायला नाही. तपासनाक्यावर चेन दाखवता आली नाही तर एडब्ल्यूडी गाडीलाही परत पाठवू शकतात.

खरेदीत सर्वाधिक चुका मापात होतात. माप गाडीच्या नावावरून घेऊ नका, टायरच्या कडेवरून घ्या. नव्या सिएनात साध्या मॉडेलला २३५/६५आर१७, वरच्या मॉडेलला २३५/६०आर१८ किंवा २३५/५०आर२०. तिन्ही ‘सिएना’च, पण चेनची पाकिटं वेगळी. यानंतर मॅन्युअलमधलं ‘टायर चेन’चं पान वाचा. तिथे बहुतेक ‘एसएई क्लास एस’ असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ टायर आणि आतल्या भागांत जागा फार थोडी आहे, टायरच्या बाजूला साधारण १५ मिलिमीटर. जाड कड्यांची साखळी अशा गाडीत घातली तर ती ब्रेकच्या नळीला किंवा सस्पेन्शनला घासते. काही गाड्यांत मोठ्या रिमवर चेन घालायला मॅन्युअल साफ मनाई करतं. त्या गाडीसाठी लहान रिमचा हिवाळी संच घ्यावा किंवा दुसऱ्या गाडीने जावं; मधला मार्ग नाही.

झेड-केबलचा गुण असा की ती बारीक आहे, टायरवर तिरकी बसते आणि गाडी एक इंचही न हलवता चढवता येते. लवचीक केबलचा अर्धवर्तुळाकार कणा चाकामागून सरकवायचा, दोन्ही टोकं वर आणून जोडायची, जोड टायरच्या आतल्या बाजूला ढकलायचा. मग बाहेरचे हूक लावायचे, उरलेला सैलपणा ओढून घ्यायचा आणि शेवटी रबरी कडं चारी बाजूंनी ताणून अडकवायचं. पन्नास-शंभर मीटर हळू चालवून थांबायचं आणि पुन्हा ताण द्यायचा. हा दुसरा ताण बहुतेक लोक वगळतात आणि चेन तुटते ती इथेच. सैल दोरी चाकाबरोबर फिरताना मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला फटके मारते, आणि तसाच वेग वाढवला तर ब्रेकच्या नळीपर्यंत पोहोचते. दोषही सांगायला हवा: रबरी कडं काही हिवाळ्यांनी कडक होऊन चिरतं. ते सुटं मिळतं. जोडीला एक जादा ठेवा.

ऑटो-ट्रॅकमध्ये तारेऐवजी खऱ्या कड्या आहेत, आणि बाहेरच्या बाजूला रॅचेट (एकाच दिशेने फिरून घट्ट होणारी यंत्रणा). चढवताना रॅचेट मोकळं ठेवायचं, आतला आणि बाहेरचा हूक लागला की खटका फिरवायचा. गाडी चालू झाली की सैलपणा आपोआप खेचला जातो. बर्फावरची पकड केबलपेक्षा चांगली. सतत वर-खाली जावं लागणाऱ्या, म्हणजे डोंगरातच मुक्काम करून रोज रिसॉर्टला गाडी नेणाऱ्या कुटुंबाला ही सोयीची. अडचण काढताना येते. रॅचेटमध्ये ओला बर्फ शिरून गोठला की खटका हलत नाही. हातमोज्याची ऊब किंवा थर्मासमधलं थोडं गरम पाणी लागतं. हिच्या प्रवासी गाड्यांच्या आणि एसयूव्ही-ट्रकच्या आवृत्त्या वेगळ्या असतात. जड आवृत्तीला जागा जास्त लागते, म्हणून पाकिटावर क्लास एस आहे का ते बघूनच पैसे द्या.

स्वस्त शिडी-केबलमध्ये आडव्या दोऱ्या दोन दोऱ्यांमध्ये बांधलेल्या असतात. ती नीट बसवायला गाडी थोडी पुढे घ्यावी लागते, बहुतेकदा ताणाचं रबर वेगळं विकत घ्यावं लागतं, आणि दोन आडव्या दोऱ्यांमध्ये चाकाला पकड नसते. चाक एकदा जागच्या जागी गरगरलं की आडवी दोरी तुटते. झेड-केबलपेक्षा साधारण निम्म्या किमतीत मिळते, पण वाचलेले ते पैसे मुलांच्या गरम चॉकलेटवर आणि पिझ्झावरच उडतात.

कोणतीही घ्या, घरच्या अंगणात किंवा पार्किंगमध्ये दोन्ही चाकांवर एकदा चढवून बघा. उजेडात, कोरड्या जमिनीवर पहिल्यांदा वीस मिनिटं लागतात. अंधारात, वाऱ्यात, बाजूने ट्रक जात असताना तीच चेन पहिल्यांदा हातात घेतली तर तासही लागतो. चेन ओढीच्या चाकांनाच घालायची: ओडिसीला पुढे, टेस्लाच्या मॉडेल वायला मागे. एडब्ल्यूडी गाडीला कुठे घालायची ते मॅन्युअलच सांगतं. पिशवीत सोबत असावं: रबरी पण आतून उबदार हातमोजे, डोक्याला लावायचा दिवा, गुडघ्याखाली घ्यायला जुनी योगा मॅट, मोठी कचऱ्याची पिशवी आणि एक पंचा. लोकरी हातमोजे नकोत. बर्फ वितळून दोन मिनिटांत ओले होतात.

रस्त्यावर ‘चेन्स रिक्वायर्ड’ची पाटी दिसल्यापासून तपासनाक्यापर्यंत साधारण मैलभर अंतर असतं. पूर्णपणे उजवीकडे, ठरवून दिलेल्या जागीच थांबा. तिथे क्रमांकाचं जाकीट घातलेले चेन बसवणारे असतात. ते स्वतंत्र कामगार आहेत, पैसे घेऊन चेन चढवतात आणि खाली उतरवतात. चेन विकायची किंवा भाड्याने द्यायची त्यांना परवानगी नाही. म्हणून ‘वर गेल्यावर मिळेलच’ असं समजून रिकाम्या हाताने जाऊ नका. त्यांची पावती घ्या, जाकिटावरचा क्रमांक टिपून ठेवा. चेन लागल्यावर वेगमर्यादा रस्त्यानुसार ताशी २५ किंवा ३० मैल. बर्फ संपून काळा डांबरी रस्ता लागला आणि ‘चेन नियंत्रण समाप्त’ची पाटी आली की लगेच उतरवा, कोरड्या डांबरावर केबल झपाट्याने झिजते. घरी परतल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून पिशवीत भरा. रस्त्यावरचं मीठ तसंच राहिलं तर पुढच्या डिसेंबरात गंजलेले हूक हाती येतात.

विमानतळावरून भाड्याची गाडी घेणाऱ्यांनी करारात चेनचं कलम वाचावं. बऱ्याच करारांत चेन घालायलाच मनाई असते. भारतातून आलेले आजी-आजोबा आणि भाड्याची मोठी व्हॅन, असा बेत असेल तर त्या कलमापायी सगळा कार्यक्रम अडकू शकतो. अशा वेळी हिवाळी टायरची एडब्ल्यूडी गाडी मिळेल का, ते आरक्षणाच्या आधी विचारा.

चेन चांगली असली तरी वेळ चुकली तर उपयोग नाही. सॅन फ्रान्सिस्को ते टाहोजवळचं ट्रकी गाव साधारण १८५ मैल, कोरड्या रस्त्यावर साडेतीन तास. डॉनर समिट या खिंडीत आय-८० सुमारे ७,२४० फुटांवर जातो, हायवे ५० वरची एको समिट ही खिंड ७,३८२ फुटांवर. दोन्ही रस्ते एकाच वादळात बंद होऊ शकतात. डिसेंबर २०२१ मध्ये सोडा स्प्रिंग्सच्या सेंट्रल सिएरा स्नो लॅबमध्ये महिन्याभरात पाच मीटरच्या आसपास बर्फ नोंदला गेला आणि नाताळनंतर आय-८० कित्येक दिवस बंद राहिला. अशा वेळी फोनमधला नकाशा डॉग व्हॅली रोड, हेनेस पास रोड असे जंगलातले रस्ते सुचवतो. ते हिवाळ्यात साफ केले जात नाहीत; तिकडे वळू नका. कॅलट्रान्सचा क्विकमॅप हा रस्त्यांचा नकाशा फोनवर ठेवा, आणि इंटरनेट गेलं तर ८००-४२७-७६२३ या क्रमांकावर रस्त्याची स्थिती ऐकता येते.

पहाटे चारच्या आत निघणं सर्वांत बरं. वाटेवरच्या ऑबर्न गावात टाकी भरा. त्यापुढे पाऊण टाकीखाली जाऊ नका, कारण बंद रस्त्यावर हीटर चालू ठेवून तासन्‌तास बसावं लागू शकतं. विजेच्या गाडीची बॅटरी चढाव आणि थंडी दोन्ही मिळून अपेक्षेपेक्षा लवकर उतरते, म्हणून वर चढण्याआधीच पुरेशी चार्ज करा. मुलांसाठी धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा आणि भरपूर पाणी डिकीत नव्हे, सीटजवळ ठेवा; अडकलेल्या रांगेत डिकी उघडायला बर्फात उतरावं लागतं. स्कीचे बूट आणि स्की सॅक्रामेंटोच्या अलीकडच्याच दुकानातून भाड्याने घेतले तर सुट्टीत रिसॉर्टच्या रांगेत सकाळ जात नाही, पण बूट तिथेच पायात घालून पाच मिनिटं उभं राहून बघा. नडगी पुढच्या पट्ट्याला टेकली आणि टाच उचलली गेली नाही, तर माप बरोबर.

पहिल्यांदाच स्की करणाऱ्या लहान मुलांसाठी डॉनर समिटवरची बोरियल किंवा सोडा स्प्रिंग्स ही छोटी ठिकाणं पुरेशी. दोन्ही आय-८० च्या जवळच आहेत, त्यामुळे वादळ आलं तरी ट्रकीच्या पुढचे वळणाचे रस्ते टळतात. मोठ्या रिसॉर्टमध्ये सुट्टीच्या दिवसांत पार्किंगही आधी राखावं लागू शकतं आणि तिकीट आदल्या दिवशी बरंच महाग होतं.

चेनची पावती फेकू नका. लेस श्वाबसारखी काही टायरची दुकानं न वापरलेली चेन हंगाम संपल्यावर परत घेतात. तुम्ही घरी सरावासाठी चढवून बघणार असाल, तर परतीची अट दुकानात आधीच विचारा.